करवती काठाची गादी

बडोदा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

अंकुशचा तुमच्या पायावर माथा. आईलेही सांगजा.

पत्र पाहून तुम्ही दचकान. आपल्या घरी पत्र आलं म्हणजे एक तं विणकर सोसायटीचं, नाही तं कोणी मेल्याचं. कोणी मेलं नाही. फोन काहून नाही केला म्हणान, तं हातमागाच्या खटखटीनं तुमचे कान गेले, फोनवर तुम्ही नुसते "हो, हो" करता अन् ठेवता. अन् तुमचं-माझं बोलणं तसंही मी माग सोडून पळालो तेव्हापासून "आईले दे" एवढंच राहिलं आहे. म्हणून लिहून राहिलो. माझं अक्षर सातवीत शाळा सोडली तिथंच थांबलं, हळूहळू वाचा. शेजारच्या डिंपलकडून वाचून घेऊ नका. माग थांबवून एकट्यानं वाचा.

इथं बरं आहे. बाटल्यांच्या कंपनीत पॅकिंगवर आहे. हैदराबादचं सोडलं, सुरतचं सोडलं, हे तुम्हाले ठाऊकच आहे. इथले लोक चांगले, फक्त वरणात गूळ घालते. मी पहिल्या दिवशी मेसवाल्याले म्हटलं, "दादा, हे वरण आहे का खीर?" तो म्हणे, "खा, खा, गोड बोलशीन." अजून तरी काही फरक पडला नाही.

ताईनं इथल्या टेबल टेनिसच्या स्पर्धेत काशाचं मेडल घेतलं हे तिनंच तुम्हाले सांगतलं. पुढच्या सरावासाठी अंकुशपाशी थांबली, असंही सांगतलं. मेडल खरं आहे. सरावाचं नंतर लिहितो.

आधी खेळाचं लिहितो. मी तिले लय वर्षांनी खेळताना पाह्यलं. साकोलीच्या हॉलात मीच तिच्यासमोर असायचो. तुम्ही कधी आले नाही तिथं, माग सोडून तुम्हाले कुठं जमते. मी उभ्यानं खेळलो का शिकवणारे तुलाराम सर ओरडत, "बस रे! बसलेल्या माणसाचा चेंडू कसा येते ते तिले पाहू दे." मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो अन् थोड्या वेळात उठून उभा. ताई म्हणे, "ह्याच्या खुर्चीखाली मुंग्या आहेत का सर, पाहा बरं."

ती आडवी सर्व्हिस आम्ही दोघांनीच काढली होती. चेंडू समोरच्याच्या बाजूले पडला का वळून टेबलाच्या बगलेतून बाहेर जायचा. आपल्या सानगडी-साकोलीत कोणाले तो सापडला नाही. मग नागपूरले पहिली स्पर्धा. ताईनं तीच सर्व्हिस मारली, पंचानं हात वर केला. परत मारली, परत हात. चाकाच्या खुर्चीवरच्या खेळात बगलेतून गेलेला चेंडू मोजतच नाही, परत टाका लागते. आम्हाले माहीतच नव्हतं! पंच म्हणे, "मॅडम, हे तुम्हाले कोणी शिकवलं?" मी मागं तोंड लपवून. घरी येताना एस.टी.त ताई म्हणाली, "अंक्या, आपण चॅम्पियन होतो रे. पण फक्त सानगडीचे." अन् अशी हासली का कंडक्टर पाहाले आला.

हे मी उगाच नाही लिहिलं. एवढं ध्यानात ठेवा, का आम्ही ती सर्व्हिस जीव लावून शिकलो होतो.

बाबा, लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॉली उलटली अन् कंबर मोडून ताईचे पाय गेले, तेव्हाचं तुम्हाले आठवते का? नागपूरच्या दवाखान्यातून तिले आणलं तं गल्लीतल्या बाया उंबऱ्यात बसून रडत होत्या. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हातातला सुताचा धोटा थांबवला अन् म्हणाले, "बाई, माझे पाय तरी कोणी पाह्यले आजवर? जन्म खड्ड्यात गेला. लोकायले मी कमरेच्या वरतच दिसतो. तू बी तशीच दिस." बाया डोळे पुसून उठल्या. ताई त्या दिवशी पहिल्यांदा हासली. मी दारात उभा होतो. तुम्ही मले कधी असं काही बोलले नाही, पण ते तिले बोलले हे मले पुरलं.

मग ती राज्याच्या स्पर्धेले निघाली तेव्हा तुम्ही गादी केली. आत सावरीचा कापूस, वरून आपल्या मागाचं जाड कापड, चारी बाजूंनी करवती काठ, लुगड्याले लावता तो. "माझ्या रंजिताची खुर्ची उघडी नाही दिसली पाहिजे," म्हणाले. कापूस सरकू नये म्हणून मधात दुहेरी सुताच्या गाठी मारल्या, दातात सूत धरून ओढल्या. त्या गादीवर बसून ती राज्यात पहिली आली. मग देशात खेळली. जिथं गेली तिथं बाकीच्या पोरी विचारायच्या, "हे इतकं सुंदर कुठून घेतलं?" ही मान वर करून सांगे, "आमच्या बाबांनी विणलं."

खेळाच्या संघटनेनं तिले हवेची गादी देल्ली होती, तुम्हाले माहीतच आहे. आई गुडघ्याखाली घेऊन झोपते ती. ताई म्हणे, "बेडकाच्या पाठीवर बसल्यावाणी डुगडुग करते. फटका मारला का कंबर सुटते. बाबाच्या गादीवर मी रोवल्यासारखी बसतो."

आता लिहाच लागते.

इथं सेमीफायनलच्या दिवशी ताईचं अंग तापलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरले दाखवू. "मॅच झाल्यावर. तोंड बंद ठेव." पहिला गेम जिंकली. दुसऱ्यापासून तिचा हात उशिरा जाऊन राहिला होता. चेंडू तिले दिसत होता, तिथवर ती पोचत नव्हती. मी इतकी वर्षं तिचा हात पाह्यला आहे, लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती तेव्हापासून. असा जड मी तो कधी पाह्यला नाही. हरली. समोरच्या पोरीशी हात मिळवला, खुर्ची फिरवली, माझ्याजवळ आली अन् म्हणाली, "आता ने कुठं नेतो तिथं." अन् मान टाकली.

ती दवाखान्यात आहे, बाबा. सरावाले नाही. बसायच्या जागी खोल जखम झाली आहे, तिचं विष अंगात भिनलं होतं. कापून साफ केली. ताप उतरला आहे, जीवाले धोका नाही. हे दोनदा वाचा, जीवाले धोका नाही.

डॉक्टर बाईनं विचारलं, ही कशावर बसते? मी खोलीवर ठेवलेल्या खुर्चीतली गादी आणली. तिनं अंगठ्यानं चाचपली, एका गाठीपाशी थांबली, दाबून पाह्यलं. मग विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हटलं, "बाजारातून घेतली."

तुमचं नाव नाही सांगतलं. ताईनं खाटेवरून माझ्याकडे पाह्यलं. तिनं मले जन्मात असं पाह्यलं नव्हतं.

गाठ जिथं, जखम तिथंच. आपल्याले खडा टोचला का आपण सरकतो. तिले तिथं कळत नाही, म्हणून ती सरकली नाही. दरवेळी रोवून बसली. पहिल्यांदा लाल झालं तेव्हा कुठल्याशा स्पर्धेत सोबतच्या पोरीनं तिले सांगतलंही होतं. हिनं मलम लावलं अन् गादी नाही बदलली. बदलली असती तं तुम्ही विचारलं असतं, गादी कुठं गेली.

आता लय महिने खुर्ची बंद. पोटावर झोपून राहायचं. परदेशातल्या स्पर्धेसाठी या उन्हाळ्यात नावं निघणार होती, त्यात तिचं होतं. ते गेलं. पुढं खेळन का? डॉक्टर म्हणते, जखम पुरी भरली तं खेळन. पण त्याच जागी पुन्हा दाब पडला अन् हाडाले लागलं, तं मग टेबल विसरा.

ताईनं मले शपथ घातली होती, "बाबाले सांगशीन तं माझं मेलेलं तोंड पाहशीन." मी पाळलीही असती. पण परवा आई फोनवर म्हणाली, "तुझे बाबा ताईसाठी नवी गादी करून राहिले. पहिलीपेक्षा जाड. गाठी बी पक्क्या मारणार म्हणते. लाल काठ काढला. झाली का पार्सल करतील." ती गादी इथं आली तं ताई तिच्यावर बसन, बाबा. तुम्ही धाडलेली आहे म्हणून बसन. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं टाकून राहिलो, गादी निघायच्या आधी पोचलं पाहिजे.

ती गादी करू नका.

तुम्ही चुकले असं मी म्हणत नाही. आमची ती आडवी सर्व्हिस आठवा. पंच विचारत होता कोणी शिकवलं, अन् मी तोंड लपवत होतो. जीव लावला होता, एवढंच होतं. तुम्ही मागावर हात ठेवून बसून राहू नका. चिंतेनं तुम्हाले काही झालं तं ताई म्हणन, अंक्यानं मारलं बाबाले.

आईले किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मी कंपनीत सुट्टी मागतली आहे. नाही देल्ली तं नोकरी जाईन, दुसरी पाहीन, त्याची मले सवय आहे. ताईले दर दोन तासांनी कूस बदलून द्या लागते, जखमेवर काही येऊ द्यायचं नाही. नर्स एक अन् पेशंट वॉर्डभर, म्हणून मी खाटेपाशीच स्टूल टाकला आहे. तुम्ही मले म्हणाले होते, "ज्याचं बूड टिकत नाही त्याच्या हातून कापड होत नाही." ते मी विसरलो नाही. त्या रागातच तं निघालो होतो. आता पाहा, तिचं बूड टिकलं म्हणून असं झालं, अन् माझं इथं येऊन टिकलं.

तुम्हाले काही करायचंच असंन, अन् तुम्ही केल्याशिवाय राहणार नाही, तं एक चादर विणा. तिच्या अंगाखाली घालाले. मऊ सुताची, एकसंध, मधात जोड नाही, काठ नाही, गाठ नाही. सूत तुटलं तं तुम्ही असं जोडता का आंधळ्याच्या बोटालेही लागत नाही, तसं. दवाखान्याची चादर चुरगळते, मी दिवसभर ताणत बसतो. अन् आईच्या गुडघ्याखालची हवेची गादी धुऊन ठेवा. दोन्ही पोस्टानं नका धाडू. घेऊन या. माग चार दिवस बंद राहिला तं सानगडी नागवी नाही फिरत.

हे लिहून राहिलो तं ताई पोटावर झोपल्या झोपल्या विचारते, "कोणाले लिहून राहिला?"

म्हटलं, "मालकाले. सुट्टीचा अर्ज."

"एवढा लांब?"

मी कागदावर हात ठेवला. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मले वाटलं झोपली. मग तिकडूनच म्हणाली, "अर्जात बाबाले नमस्कार लिही."

माझा पेन थांबला. ती म्हणाली, "गादीचं लिहिलं?"

"हो."

रडते का पाहाले मी वाकलो तं डोळे कोरडे होते.

"लिहिलं असशीन तं हे बी लिही," म्हणे, "का त्या गादीवर बसली तेव्हाच रंजिता लोकायले दिसली."

लिहिलं, बाबा.

आता तिची कूस बदलायची वेळ झाली. वाट पाहतो.

ताईच्या खाटेपाशी बसून असलेला,
तुमचा
अंकुश