अकरा तुळया

आप्पा, आज मी तुमच्या कामाला गेले होते. दुपारी माळ्यावरून उतरले, आंघोळ केली, चहा घेतला, आणि आता रात्री लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी काही बोलायचं राहिलंय हे मी मनातून काढूनच टाकलं होतं. आज दुपारी ते परत आलं, आणि येताना माझ्या आठवणीतल्यापेक्षा मोठं होऊन आलं.

मी लोणावळ्यालाच आहे. मुलींच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे आहे. इमारत तुमच्या माहितीतल्या बंगल्यांसारखीच आहे, काळ्या दगडाची, वर कौलं. वरच्या मजल्यावर एकच लांब खोली, तिथे मुली निजतात. छताला लाकडी तक्तपोशी आहे आणि तिच्यावर अंधाऱ्या माळ्यात अकरा तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या टाकलेल्या आहेत. लढाई सुरू झाल्यापासून मुंबईचे पालक मुलींना इकडे आणून सोडतात. मुंबईवर बाँब पडतील या धास्तीनं आणतात आणि जाताना म्हणतात, बाई, इथे ती सुखरूप राहील. तीस खाटांच्या खोलीत आता बेचाळीस खाटा आहेत. सुटी संपून त्या परवा परत येणार आहेत.

सुटीच्या आधी एक लहान मुलगी माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. "बाई, माझ्या उशीवर रोज कुणीतरी तपकीर टाकतं." बाकीच्या हसल्या. मीही हसले, उशीचा अभ्रा बदलायला सांगितला आणि विसरून गेले. मग सुटीत मोकळ्या खोलीतून फिरताना पश्चिमेच्या कोपऱ्यात अळंब्यांचा वास आला. मे महिन्यात, आप्पा. सगळीकडे धूळ उडत असताना त्या एका कोपऱ्यात भाद्रपदातल्या रानासारखा वास. तिथली खिडकी लागत नव्हती, चौकट खाली दबली होती. त्या तपकीरवाल्या मुलीची खाट तिथेच होती. मी तिच्यावर बसले आणि वर पाहिलं.

तिथे वर कुजत असेल तर ते मी केलं होतं. तीन वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर ओल दिसायची, चुन्याचा गिलावा सुटून पडायचा, आणि मीच वसतिगृहाच्या मंडळाकडे अर्ज करून तिथल्या कोपऱ्यासकट साऱ्या भिंतीला बाहेरून सिमेंट करून घेतलं. स्टेशनाजवळच्या सगळ्या नव्या घरांना सिमेंट होतं, भिंत कशी पाटीसारखी गुळगुळीत झाली, डाग गेले, पालक आल्यावर मला बरं वाटायचं. तुम्ही मला काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. आपल्या पावसात दगडाची भिंत पाणी पिणारच, चुना ते उन्हाळ्यात परत सोडतो. तिचं तोंड बंद केलंत तर ती ते पाणी आत देईल, आणि आत तुळईचं टोक आहे. हे तुम्ही मला एकदा नाही, दहादा सांगितलं असेल. मी ते ऐकलं होतं आणि तरी मला गुळगुळीत भिंत हवी होती.

तुमचं शिकवणं मला स्वयंपाकघरातलं आठवतं. कुठल्याशा बंगल्यातून कापून काढलेलं तुळईचं टोक तुम्ही घरी आणता आणि थेट चुलीपुढे ठेवता. आई पोळी लाटता लाटता म्हणते, "वाळवीचं बिऱ्हाड माझ्या पिठाजवळ नको. पडवीत न्या." तुम्ही म्हणता, "वाळवी नाही गं, नुसती कुज आहे." "मग काय, तिला पाट मांडू?" तुम्ही हसता, मला जवळ बोलावता, माझ्या हातात हातोडी देता. मी लाकडाच्या मधोमध ठोकते, खणखणीत आवाज येतो, मी म्हणते चांगलं आहे. तेव्हा तुम्ही रागावलात. आवाज चढवला नाहीत, नुसतं म्हणालात, "तुला सोपं गेलं तिथे ठोकलंस. भिंतीत जातं तिथे ठोक." मी टोकाशी ठोकलं तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. मग तुम्ही तुमचा टोचा दिलात, तो काळ्या मुठीचा, आणि तो त्या लाकडात लोण्यात जावा तसा गेला. आईनं पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं होतं, का ते तिला कळलं नसावं.

तुम्ही मुंबईच्या मालकांसाठी बंगले तपासत असा. होळी झाली की मृगापर्यंत तेच काम. गुडघा धरल्यापासून तुम्हाला माळ्यावर चढवेना. सुताराला चढवायचं तर तो काम मिळावं म्हणून चांगलं लाकूडही वाईट ठरवील असं तुम्हाला वाटे. मी अकरा वर्षांची, हलकी. कॉन्व्हेंटला सुटी लागली की तुम्ही मला बरोबर नेत असा. मी वर जायचं, प्रत्येक तुळईला टोकाशी तीन ठोके मारायचे, टोचा लावायचा, ओरडून सांगायचं. तुम्ही खाली खोलीत उभे राहून वहीत लिहायचं. मला त्याचा अभिमान होता. मदर आम्हाला इंग्रजी कविता पाठ करायला लावत, पण माझ्या वर्गातल्या कुणालाही तुळई वाचता येत नव्हती.

तुंगार्लीचा तो बंगला तुम्हाला आठवत असेल. मालक चार वर्षं आले नव्हते. त्यांच्या बागेच्या माळ्याची झोपडी गळायची म्हणून त्याचं सगळं कुटुंब, तो, त्याची बायको आणि चार मुलं, पावसाळाभर बंगल्याच्या दिवाणखान्यात निजणार होतं. म्हणून तर तुम्हाला तो आधी बघायचा होता. तिथेही तुळया अकरा होत्या. नऊ मी पाहिल्या. नवव्या तुळईवर बसले असताना पुढचा कोपरा दिसत नव्हता, नुसता काळोख होता आणि त्यात काहीतरी हलत होतं. वटवाघळं असतील. पुढे टाकलेली फळी माझ्या पायाखाली एकदा वाकली. मी ओरडले नाही. तिथेच बसून राहिले, आणि थोड्या वेळानं जरा मोठ्या आवाजात सांगितलं, "दहावी चांगली." मग आणखी थोड्या वेळानं, "अकरावी चांगली." खालून तुम्ही विचारलंत, "सगळ्या?" मी म्हटलं, "सगळ्या."

तुम्ही सही केलीत. माळ्याचं कुटुंब आत राहायला गेलं. त्याची धाकटी मुलगी माझ्याएवढीच होती. तो पावसाळा मी कसा काढला ते तुम्हाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. शाळेतल्या ख्रिस्ती मुली शनिवारी रांगेनं कन्फेशनला जात आणि बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असत. मी बाकावर बसून त्यांचा हेवा करी. वारा उठला की मला कौलं उडताना दिसत. कुणी धावत आपल्या दाराशी आलं की मी न्हाणीघरात जाऊन कडी लावी. पण काही झालं नाही. पाऊस सरला, बंगला उभा राहिला, अजून उभा आहे. पुढच्या वर्षी मालकानं तो विकला आणि ते काम आपल्याकडून गेलं. दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही मला हाक मारलीत आणि तो काळ्या मुठीचा टोचा माझ्या हातात दिलात. म्हणालात, "पावसाळा निभावला, पोरी. आता हा तुझ्याकडेच असू दे." मी तो बक्षीस म्हणून घेतला. खोटं बोलून बक्षीस मिळालं म्हणून तो कित्येक वर्षं पेटीच्या तळाशी ठेवला. इतकं मला ठाऊक होतं. आज दुपारपर्यंत इतकंच.

आज टाकवे गावचा सुतार आला होता. चाळिशीचा, किडकिडीत, कामाला बरा. मी त्याला टोकाशी ठोकायला सांगितलं, वर पाठवलं आणि कागद घेऊन खाली खाटांच्या मधे उभी राहिले. तक्तपोशीतून ठोके किती स्वच्छ ऐकू येतात, आप्पा. एकेक वेगळा. तीन ठोके, मग त्याचा आवाज, "पयली झ्याक हाय." तीन ठोके, "दुसरी बी." मी लिहीत गेले. नवव्या तुळईनंतर तो थांबला. बराच वेळ काही नाही. मग जरा मोठ्यानं, "दहावी बी झ्याक हाय, बाई." पुन्हा थोडा वेळ. "अकरावी बी." ठोके नव्हते.

मी पेन्सिल धरून तशीच उभी होते. त्याचं खोटं मला लगेच कळलं, त्याचं मला काही वाटलं नाही. मला तुम्ही दिसलात. तुंगार्लीच्या दिवाणखान्यात वही घेऊन, मान वर करून. तुमचे कान तर माझ्यापेक्षा कितीतरी तयार होते. तुम्ही मोजलं असणार. तुम्ही नऊच तुळयांचे ठोके ऐकले असणार.

तो खाली आला, घाम पुसत. मी विचारलं, "दहाव्या तुळईला हातोडी लावलीस?"

"लावली की."

"मला ऐकू नाही आली."

"हळू लावली आसंल."

"आणि अकरावीला?"

तो जमिनीकडे बघायला लागला. त्याचं तोंड असं झालं की मला क्षणभर वाटलं, असू दे, कशाला याला उघडं पाडायचं. खरंच वाटलं. बेचाळीस खाटांच्या मधे उभी असून वाटलं. मग तोच म्हणाला, "न्हाई गेलो, बाई. तितं फळी हालती. अन् वास मारतोय, कुजका. लय भ्या वाटलं. लहान पोरं हायेत मला."

"मलाही भीती वाटते."

"तुमाला कशाची भीती," तो म्हणाला, "तुमी तर खालीच हाय."

त्यात उद्धटपणा नव्हता. पण मग मला खाली राहता येईना. मी पदर खोचला, पेटीतून टोचा काढून आणला आणि शिडीवर पाय ठेवला. तो म्हणाला, "आवो बाई, तुमी कुटं? या वयात?" मी म्हटलं, "तू कंदील घेऊन मागून ये." तो आला. वर इतकं तापलं होतं की कौलांखाली श्वास घेववेना. मी फळीवर बसून सरकत सरकत गेले. प्रत्येकीच्या टोकाला टोचा लावत, मोजत गेले, मोठ्यानं, म्हणजे तोंडाला काहीतरी काम असेल. नववीपाशी मी थांबले. आप्पा, चाळीस वर्षांनी त्याच जागी थांबले. मागून सुतार म्हणाला, "चला बाई, मी हाय मागं. पडलो तर दोगं बी पडू." मला हसू आलं, आणि त्या हसण्यात मी पुढे सरकले.

दहावीच्या टोकाला मी टोचा लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तर त्याच्याबरोबर ओली, तपकिरी भुकटी आली, तीच, उशीवरची. बाहेरून ती भिंत पाटीसारखी गुळगुळीत आहे.

संध्याकाळी मंडळाचे चिटणीस येऊन गेले. ते चिडले ते बरोबरच होतं. "बाई, सिमेंट तुम्हीच मागितलंत. आता तुम्हीच भिंत फोडा म्हणता. सागवान आणू कुठून, या लढाईत?" मी म्हटलं, चूक माझी आहे, ती कागदावर लिहून देते. पण मुली वर निजणार नाहीत. त्या खालच्या वर्गांत निजतील, वर्ग व्हरांड्यात भरवू. त्यांनी विचारलं, तुम्ही हे स्वतः पाहिलंत? मी हो म्हटलं. तसा लेखी अहवाल दिला, खाली सही केली, आणि ते वरच्या खोलीला कुलूप घालून गेले.

आता ते "निभावला" मला काही सुचू देत नाहीये. ज्याला तुळया चांगल्या आहेत याची खात्री असते तो पावसाळा निभावला असं म्हणत नाही, आप्पा. तुम्ही गुपचूप दुसऱ्या कुणाला वर पाठवून खात्री केली होतीत, असं मी दुपारपासून मनाशी म्हणते आहे. कधी पाठवलंत, कुणाला, मला काही आठवत नाही. आणि पाठवलं नसेल, तर तुम्ही माझं तोंड पाहून सही केलीत, आणि चार महिने वारा उठला की तुम्हीही माझ्यासारखेच जागे होतात, भिंतीच्या पलीकडे, आणि मी सांगेन याची वाट पाहत होतात. यातलं कुठलं खरं हे विचारायला जायची सोय नाही. सोय असती तर मी विचारलं असतं, असंही मी लिहिणार नाही. मला भीती वाटते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचावं असंही ते नाही. एवढं मात्र तुम्हाला सांगते. अहवालात मी लिहिलंय की अकराही तुळया स्वतः पाहिल्या. दहा पाहिल्या. दहावीतून टोचा काढल्यावर मला पुढे सरकवेना. मी तो सुताराच्या हातात दिला, डोळे मिटून घेतले आणि त्याला माझ्या बाजूनं पुढे जाऊ दिलं. त्याच्या हातोडीचे तीन ठोके ऐकले. तो म्हणाला, "ही बी गेली, बाई." मी ते लिहून घेतलं. अकरावीला मी हात लावलेला नाही.