वाउडसेंडपर्यंतचा बर्फ

मी, हिल्त्ये ओसिंगा, कै. सित्से ओसिंगा यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार पुलाजवळचे घर, ओल्डेस्लोट, फ्रीसलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी सित्सेच्या नावे केले होते.

नोटरी आल्बर्डा म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच सांगा. का द्यायचं, ते कायदा विचारत नाही."

मी म्हटले, "कायदा नाही विचारत, पण गाव विचारतं. लिहा तुम्ही."

म्हणून पुढील सर्व मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

एक. राहते घर, मागच्या सफरचंदाच्या झाडासह, सित्सेची भाची फ्राउके हिला द्यावे. आम्हाला मूल नाही. "हा शर्यतींचा मोसम संपू दे," असे मी म्हणत राहिले आणि मोसमामागून मोसम येत राहिले. फ्राउके दर रविवारी येते, कॉफी करते आणि माझ्याशी भांडते. भांडायला कोणी येते म्हणून मी अजून जिवंत आहे, असे माझे मत आहे.

दोन. पदके. जगज्जेतेपदाची दोन, ऑलिंपिकचे रौप्य, बाकीची किरकोळ. ही सर्व विकून जे येईल त्यातून गावच्या स्केटिंग मंडळासाठी पाण्याचा नवा पंप घ्यावा. जुना पंप सित्सेच्या काळचा आहे आणि तो शिव्या दिल्याशिवाय सुरू होत नाही. संग्रहालयवाले आल्यास त्यांना माझे रेशमी स्केटिंगचे कपडे द्यावेत. मी आता त्यात मावत नाही.

तीन. माझे प्रशिक्षक लेंडर्ट मास यांचे घड्याळ त्यांच्या मुलीला परत करावे. मासांवर माझा राग होता, तो इथे नोंदवते आणि सोडून देते.

सित्से गावच्या कालव्यावरचा पूल उघडण्याचे काम करी. उन्हाळ्यात पहाटेपासून होड्यांची रांग. त्याला पूल सोडून हलता येत नसे. हिवाळ्यात होड्या बंद, तो मोकळा. तेव्हा मी शर्यतींसाठी परदेशात. गावात म्हणत, "ओसिंगांच्या घरी एका वेळी एकच माणूस राहतं." हिवाळ्यात तो मंडळाचा बर्फमास्तर असे. बर्फाला भोक पाडून जाडी पाहायची आणि कुठे जावे, कुठे जाऊ नये ते सांगायचे, हे त्याचे काम. त्याची माझ्याकडे एकच मागणी होती. कालव्यापुढचे सरोवर गोठले की दोघांनी मिळून पलीकडे वाउडसेंडला, त्याच्या जन्मगावी, स्केटिंग करत जायचे, वाटाण्याचे सूप प्यायचे आणि परत यायचे.

१९८५ च्या जानेवारीत त्याचा नॉर्वेत फोन आला. "हिल्त्ये, बर्फ काळा, पक्का आहे, जाड आहे, वाउडसेंडपर्यंत सलग. दोन दिवसांसाठी ये ना."

मी मासांना विचारले. ते म्हणाले, "वेडी आहेस का? बर्फ काय, दरवर्षी येतो. अजिंक्यपद दरवर्षी येतं का?"

मला ते पटले. सित्सेला म्हटले, "तू एकटा जाऊन ये की."

"एकटा कशाला जाऊ? एकट्याला काय, उन्हाळ्यात होडीसुद्धा नेते."

तो गेला नाही. मी जिंकले. पुढे शर्यती सोडल्या आणि मुलींना शिकवू लागले, म्हणजे हिवाळ्यात पुन्हा बाहेरच. मी कायमची घरी आले, तोवर बर्फाने आमच्या गावी येणे सोडले होते. आम्ही दोघे खिडकीत बसून पाऊस पाहायचो.

चार. स्वयंपाकघरातील चार खुर्च्या घराबरोबर फ्राउकेकडे जातील. त्यांपैकी एकीचे पाय खाली घासलेले आहेत. ती मोडकी समजून फेकू नये.

२०१२ च्या फेब्रुवारीत बर्फ आला. सित्सेच्या हृदयाने तेव्हा हात टेकले होते. जिनाही चढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तो सकाळी बूट घालून बसला. "चल," म्हणाला.

आमच्याकडे मुले खुर्ची ढकलत स्केटिंग शिकतात. मी त्याला स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीत बसवले, दोन घोंगड्या गुंडाळल्या आणि कालव्यावरून ढकलत निघाले. सगळे गाव बर्फावर होते. शेजारचा दुर्क ओरडला, "काय चॅम्पियन, आज दमानं चाललंय!"

सित्से म्हणाला, "नीट बघ की रे! मी पहिला, ती दुसरी. आयुष्यात एकदा हरवली बायकोला, आता फोटो काढ."

कालवा संपून सरोवर लागते तिथे त्याने हात वर केला. लव्हाळ्यापाशी बर्फाचा रंग बदलला होता. पलीकडे वाउडसेंडच्या चर्चचे टोक दिसत होते.

"इथून पुढं नाही," तो म्हणाला.

"बाजूनं काढते. धरेल रे बर्फ. मला कळतं."

"तुला जोरात जायचं कळतं. थांबायचं मी बघतो."

आम्ही तिथेच डब्यातले सूप प्यायलो. तो बराच वेळ त्या टोकाकडे बघत होता. परतताना त्याने मागे हात करून माझा हातमोजा धरून ठेवला. आठवड्याभरात पाणी मोकळे झाले. मे महिन्यात तो गेला.

पाच. गावाबाहेरचे कुरण. हिवाळ्यात त्यात पाणी सोडतात, गोठले की मुले तिथे शिकतात. मीही तिथेच शिकले. माझा भाचा यिल्मर तिथे सुट्टीसाठी बंगले बांधू म्हणतो. "आत्या, बर्फ आता फक्त फ्रीजमध्ये मिळतो," हे त्याचे वाक्य. सबब माझा फ्रीज यिल्मरला द्यावा. कुरण स्केटिंग मंडळाला द्यावे. ते विकू नये, भाड्याने देऊ नये. उन्हाळ्यात मेंढ्या चरू द्याव्यात. दर नोव्हेंबरात मात्र त्यात पाणी सोडायचेच. हवामान खाते काय म्हणते, ते ऐकत बसू नये.

नोटरींनी विचारले, "आणि नाहीच गोठलं तर?"

"तर बदकं पोहतील. पुढच्या वर्षी पुन्हा सोडा."

सहा. मला सित्सेशेजारी पुरावे. दगडावर विजेतेपदे कोरू नयेत, नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे पुरेत. अंत्यविधीच्या दिवशी कॉफी आणि केक सगळ्यांना मिळेल एवढा असावा. मात्र त्या दिवशी पाणी गोठलेले असेल, तर चर्चमध्ये कोणीही येऊ नये. पाद्रीबाई एकट्या पुरेशा आहेत. बाकी सर्वांनी घरच्या माणसाला बरोबर घेऊन बर्फावर जावे, आणि अंधार पडेपर्यंत परत येऊ नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझाच आहे.

(सही) हिल्त्ये ओसिंगा

साक्षीदार:
दुर्क हाइस्मा, शेजारी
आल्त्ये विग्लामा, ग्रंथपाल

समक्ष: नोटरी आल्बर्डा
स्थळ: नोटरी कार्यालय, स्नेक
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४. बाहेर पाऊस.