खोबरेल फासलेली डिस्क

प्रिय बाळा,

परवा मी कॉम्प्युटरला लाथ घातली. पायाच्या अंगठ्याचं नख उपटलं, लादीवर रक्त सांडलं, आणि तो डबा मात्र आतून कट् कट् करत राहिला, कुणी झोपेत दात खावेत तसा. पडद्यावर काळोख आणि त्यात एकच पांढरी ओळ, डिस्क वाचता येत नाही. किशोरी धावत आली. सूनबाई एरवी माझ्यासमोर आवाज चढवत नाही, पण ओरडली, ‘फेका तो डबो दर्यात, नायतर मीच फोडतंय कोयत्यान!’ तिचा पोरगा सर्वेश कोठडीत आहे आणि त्याला सोडवील असं काही उरलं असेल, तर ते त्या डब्यातच होतं.

तू मारामारीच्या दुसऱ्याच सकाळी वैभववाडीला लेकीकडे गेलास, म्हणून मागचं सगळं लिहितो. सर्वेशला जामीन मिळाला नाही. ट्रॉलर चालवणारा तांडेल गंगाराम दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला, तेव्हा आता कलम खुनाचं आहे. किनाऱ्यावर जो तो एकच सांगतो: सर्वेशच्या हातात वल्हं होतं, वल्ह्याला रक्त होतं आणि गंगाराम त्याच्या पायाशी पडला होता. खोटं कसं म्हणू? मी माडांतून धावत पोचलो तेव्हा मलाही तेच दिसलं. भर दिवसा ट्रॉलर किनाऱ्याशी टाकलेल्या आपल्या रापणीत घुसलेला, पंख्यात जाळं अडकून वाळूला लागलेला. आपले लोक दगड घेऊन पाण्यात, वरून ट्रॉलरवाले बाटल्या फेकतायत, एकाचा कान फाटून लोंबतोय, लाट परत जाताना लाल होऊन जातेय. तू म्हणालास, तू जाळी ठेवायच्या मांगरात दोर आणायला गेला होतास. सर्वेशला विचारलं तरी तो एवढंच म्हणतो, ‘माका काय सांगूचा नाय.’

त्याच मांगरावर, जाळी चोरीला जायला लागली तेव्हा, आपण कॅमेरा बसवला होता. त्याची तार माझ्या कॉम्प्युटरला. पावसाळ्यापासून कॉम्प्युटर अडखळत होता, कधी निळा पडे, कधी आपसूक बंद, म्हणून कॅमेराही मेला असंच सगळे धरून चालले. पोलिसांनीसुद्धा मान वर करून पाहिलं नाही. मला मात्र आठवलं की मारामारी झाली त्या सकाळी डबा घरघरत होता. दुपारनंतर बंद पडला तो पडलाच.

माझा त्या डब्यावर जीव, तुला ठाऊक आहे. शाळेतल्या कविता विसरायच्या आधी एका बोटाने त्यात उतरवल्यात. उघडल्या की अजून ओल्या पाटीचा वास येतो. म्हणून तर मी ती चूक केली. खारं वारं लोखंड खातं, आपण नांगराला, इंजिनाला तेल चोळतो, मग ह्यालाच का वगळा? पावसाआधी डबा उघडून डिस्कच्या पिनांना आणि तारेच्या टोकांना चांगलं खोबरेल फासलं. कणकवलीला एसटीने मांडीवर डबा घेऊन गेलो, तेव्हा दुकानातल्या समीक्षाने तो उघडला आणि कपाळावर हात मारला. ‘दाजीनू, हो कॉम्प्युटर आसा, होडयेचा इंजिन न्हय! तेल कित्याक फासलात?’ वर लाथ घातल्याचं सांगितलं तर म्हणाली, ‘मगे माझ्याकडे कित्याक इलात, सुताराकडे जावचा होता.’

पण बाई कामाची. तेलात धूळ बसून पिनांवर खपली धरली होती. तिने ती स्पिरिटने पुसली, खोडरबराने घासली, तार नवी घातली. डिस्क स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली तेव्हा पडद्याने विचारलं, दुरुस्त करू का? मी हो म्हणायला गेलो, तिने हात धरला आणि समजावलं. दुरुस्तीच्या हिसक्यात असली डिस्क आहे तेही घालवते. आधी हवं ते उतरवून घ्यायचं. कविता की तो दिवस, तिने विचारलं. मी तो दिवस म्हटलं. तो उतरला आणि डिस्कने जी किंकाळी फोडली, ती शेवटची. कविता गेल्या.

चित्र पाहिलं ते मी एकट्याने. आवाज नाही. गंगाराम कंबरभर पाण्यातून बाहेर येतो, दोन्ही हात जोडलेले. कुणी त्याला अडवत नाही, वाटच देतात. आणि मांगराच्या बाजूने तू येतोस, बाळा. वल्हं डोक्यावर उचललेलं, तोंड उघडं, आपण चौथीत असताना लढाईची कविता म्हणायला उघडायचास तेवढं. पहिल्या फटक्यात तो गुडघ्यावर आला. हात तेव्हाही जोडलेलेच होते. तू आणखी दोनदा मारलंस. मग सर्वेश धावत आला, तुझ्या हातातलं वल्हं हिसकलं, तुला माणसांत ढकललं आणि स्वतः तिथंच उभा राहिला.

फाटलेलं जाळं तू दोन पावसाळे बसून विणलं होतंस, ते मी विसरलेलो नाही. पण ते चित्र पाहिल्यावर तुझा गळा दाबावा असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सर्वेशला भेटून सांगितलं, चित्र मिळालंय. त्याला आनंद व्हायला हवा होता. गजांना धरून तो म्हणाला, ‘आजोबानू, ता पुसून टाका. बाळाआजोबांका जेल सोसवचा नाय. तेंनी माका दर्यात पोवाक शिकयला.’

मी पुसणार नाही. सोमवारी वकील येतील, त्यांच्या हातात देईन. पण लेकीच्या, नातवंडांच्या देखत पोलिसांनी तुला ओढत न्यावं, हे माझ्याने बघवणार नाही, म्हणून हे पत्र. रविवारच्या सकाळच्या गाडीने निघ. मी कणकवली स्टेशनवर उभा असेन. ठाण्यात आपण दोघं जाऊ, तुझं तू सांग, मी बाजूला बसेन. तो पोर तुझ्यासाठी गप्प बसलाय. तू कुणासाठी गप्प आहेस?

रविवारपर्यंत तरी तुझाच,
दाजी