न फिरलेली खुंटी

मी, हिकमतुल्लो शोदीयेव, वय एकोणऐंशी, राहणार दुशान्बे, निवृत्त वृत्तछायाचित्रकार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहती सदनिका धाकटी बहीण मोहिरा हिला द्यावी. गच्चीवरची द्राक्षवेल तिने तोडू नये. फिल्म धुऊन मी तिथेच कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घालत असे आणि माझी दिवंगत पत्नी ओयजमोल ओरडत असे, "माझे कपडे कुठं टाकू, तुमच्या लढाईवर?" ते ओरडणे आता फार आठवते.

२. डार्करूमचे सर्व सामान सहकारी ओलिमजोन यास. माझी कॅमेऱ्याची तिकाटणी त्याने अकरा वर्षांपूर्वी नेली, तीही त्याचीच समजावी.

३. माझ्या आयुष्यावर बेतलेल्या युद्धपटाबद्दल स्टुडिओने दिलेले मानपत्र कोणालाही देऊ नये. त्यात नायक धावत धावत शंभर फोटो काढतो. रिळात छत्तीस मावतात. मी हरकत घेतली तर दिग्दर्शक म्हणाला, "उस्तोद, लोक गोष्ट बघायला येतात, फोटो मोजायला नाही." तरी थिएटरात शटरचा तो आवाज ऐकून मी रडलो, हे मान्य करतो.

४. त्याच चित्रपटात नाक्यावरचे शिपाई नायकाची सगळी रिळे काढून घेतात. हा प्रसंग मीच सांगितला होता. तो खोटा आहे.

ब्याण्णव साली, यादवी युद्धात, वख्श खोऱ्याच्या रस्त्यावर माझा बातमीदार मित्र कुर्बोनशो एका जखमी म्हातारीला पाठीवर घेऊन गोळीबारातून बाहेर आला. दुसऱ्या माणसाला आणायला गेला, तो परतला नाही. मी सगळे टिपले, असे मला वाटले. फिल्म पुढे घ्यायचा खटका ओढला की कॅमेऱ्यावरची डावीकडची खुंटी फिरते का ते पाहावे, हे मी तीस पोरांना शिकवले आहे. त्या दिवशी मी पाहिले नाही. घाईत भरलेले रीळ आत अडकलेच नव्हते. एकही फोटो आला नाही, आणि हे सांगायची मला लाज वाटली, म्हणून रिळे शिपायांनी नेली असे सगळ्यांना सांगितले.

कुर्बोनशोची मुलगी झरनिगोर तेव्हा सहा वर्षांची होती. दर नवरोजला ती सुमनकची, गव्हाच्या अंकुरांच्या गोड खिरीची, वाटी आणते आणि काकाच्या नात्याने विचारते, "अमाक, बाबांच्या फोटोंची रिळं कुठं ठेवली असतील हो त्या शिपायांनी? मी सरकारकडे परत अर्ज टाकलाय." मी म्हणतो, "टाक, बेटा." वर्षानुवर्षे मी हेच म्हणत आलो.

५. कपाटातला चहाचा पत्र्याचा डबा झरनिगोरला द्यावा. त्यात त्याच सकाळचे, आधीचे रीळ धुऊन ठेवले आहे. त्यातला एकही फोटो मी कधी छापला नाही. शिपायांनी सगळी रिळे नेली, तर हे कसे उरले, असे तिने विचारले असते. शेवटच्या फोटोत कुर्बोनशो हातात रोटी धरून बसला आहे. तोंड उघडे आहे, कारण तो मला म्हणत होता, "नवं रीळ सावकाश भर की, कुठं पळून चाललोय मी?"

झरनिगोर, अर्ज मागे घे. जमले तर मला माफ कर.

६. माझा कॅमेराही तिलाच. त्यात नवे रीळ भरून ठेवले आहे. खुंटी फिरते, मी तीनदा पाहिले.

सही: हिकमतुल्लो शोदीयेव
साक्षीदार: साओदत मिर्झोयेवा, शेजारीण; फर्रुख तोशेव, चहाखानेवाला
दुशान्बे, १२ मार्च २०२४