बचतीत शेवटचा नंबर आल्याबाबत

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता साहेब,
वीज कार्यालय, सावरमाळ,
ता. जळकोट, जि. लातूर.

अर्जदार : नागाबाई ग्यानोबा हंगरगे, रा. तुरेवाडी. शिक्षण चौथी (पास).

विषय : नव्या बल्बांच्या बचतीत अर्जदाराचे घर गावात शेवटचे धरल्याबद्दल, व महादेवाच्या दिव्याचे बटण अर्जदारास मिळण्याबद्दल.

संदर्भ : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेला आपला कागद. (खालची कड शेळीने खाल्ली. अर्जदाराचे नाव तेवढे तिनेही शिल्लक ठेवले.)

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार अदबीने कळविते की, आपल्या कार्यालयाने गावात घरटी तीन खास बल्ब दिले. देवघराला ज्योतीच्या आकाराचा, ओसरीला भोपळ्यासारखा गोल आणि माजघराला बटण पिळले की मंद होणारा. बल्ब चांगले आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण देण्याआधी आपला माणूस सुदर्शन याने घरोघर जाऊन जुना बल्ब किती वॅटचा, रोज किती तास जळतो, हे लिहून नेले आणि त्यावरून कोणत्या घरात किती वीज वाचेल याचा अंदाज काढला. ज्या घरची बचत मोठी, त्या घरच्या बाईने यात्रेला महादेवाच्या कळसावरच्या नव्या दिव्याचे बटण दाबायचे, हे आपणच जाहीर केले.

२. या अंदाजात अर्जदाराची धाकटी जाऊ सोजरबाई पहिली आली. साहेब, तिच्या गोठ्यातला बल्ब दिवसाढवळ्या जळतो. म्हशीला काय पोथी वाचायची असते? उलट अर्जदाराच्या घरात माणूस खोलीबाहेर पडला की त्याच्या मागोमाग उजेडही बाहेर पडतो. सून राजकन्या हिला माप ओलांडल्या दिवशीच सांगितले होते, "घास अंधारात बी तोंडातच जातो, नाकात जात न्हाई." अशा घराचा नंबर शेवटचा! जाब विचारला तर सुदर्शन म्हणतो, "आजी, तुमच्याकडं वाचवायला काही हायच न्हाई." कोणाच्या दारात उभे राहून असे बोलतात काय? सोजरबाईने भिंतीपलीकडून ऐकले आणि वर मीठ चोळले, "अक्का, उजेड लावायला घरात दाखवण्यासारखं बी काही लागतं."

३. म्हणजे आपला कायदा असा की आधी उधळावे, मग वाचवावे. ठीक. अर्जदार कशात मागे राहणारी नाही. फेरमोजणीला माणूस येणार असे कळताच नवे बल्ब काढून ठेवले, माळ्यावरचे शंभराचे पिवळे बल्ब खाली घेतले, मुलगा भारत याच्या लग्नातल्या माळाही दारावर सोडल्या आणि भर दुपारी सगळी बटणे खाली केली. कोंबडा पार भंजाळला, आरवायचा थांबेना. राजकन्येने ओसरीतल्या बल्बाखाली पापड वाळवले.

४. एक गोष्ट अर्जदाराच्या ध्यानात राहिली नाही, ती म्हणजे लग्नसराई. माळा बघून रस्त्याने जाणारे सोयरे थांबले. घरात लग्न आहे, निरोप तेवढा द्यायचा राहिला, असे समजून लोक टॉवेल-टोपी आणि चोळखण घेऊन दारात आले. दारचा आहेर माघारी धाडणे आमच्यात चालत नाही. आणि घेतला की जेवू घालावे लागते. पंगत बसली. गुरुपादप्पा सनईवाला न बोलावता आला आणि वाजवायलाच बसला. "नवरी कुठं हाय?" असे सगळे विचारू लागले. हातातल्या अक्षता वाया कशाला घालवायच्या, म्हणून लोकांनी भारत आणि राजकन्या यांनाच परत पाटावर उभे केले. दोघे लाजली. पहिल्या वेळी लाजली नव्हती.

५. मंगलाष्टके रंगात आली असता सुदर्शन वही घेऊन पोचला. शेवटच्या "सावधान"ला गल्लीला वीज देणाऱ्या खांबावरच्या डीपीने असा आवाज काढला की लोकांना फटाकेच वाटले. तेव्हापासून गल्लीत वीज नाही.

६. त्यावर अर्जदाराचे म्हणणे असे की, त्या दुपारपासून गल्लीतल्या एकाही घरात वीज जळालेली नाही. सोजरबाईच्या गोठ्यातला बल्बसुद्धा विझला, जो आजवर कोणाच्या बापाला विझवता आला नव्हता. एवढी बचत एकट्या बाईने करून दाखवली. तरी गल्लीभरची बचत अर्जदाराच्या नावे लावून कागद नव्याने डकवावा (शेळीचे तोंड पोचणार नाही इतका वर) आणि बटणाचा मान अर्जदारास द्यावा.

७. मात्र यात्रा सोमवारी आहे आणि देवळाची तार त्याच डीपीवरून गेली आहे. बटण कोणीही दाबले तरी महादेव अंधारातच राहणार आणि परगावचे लोक तुरेवाडीला हसणार. ते अर्जदारास सोसायचे नाही. म्हणून आधी डीपी, मग मान. दोन्ही एकाच गाडीत पाठवले तरी चालेल.

आपली नम्र (कामापुरती),
नागाबाई ग्यानोबा हंगरगे
यात्रेआधीचा गुरुवार

सोबत :
१) बल्बाखाली वाळलेले पापड. वीज वाया गेली नाही याचा पुरावा.
२) टॉवेल-टोपी एक. साहेबांना त्या दिवशी बोलवायचे राहून गेले.
३) सोजरबाई हिचा अंगठा. मजकूर तिने सांगितला तसा राजकन्येने लिहिला : "डीपीपुरती मी अक्काच्या मागं हाय. बटणापुरती न्हाई."