निळ्या चिंध्यांच्या नळ्या

३ मार्च

मानवजातीवर झालेल्या एका अन्यायाची नोंद करून ठेवतो. कृषी कार्यालयातलं पेन टेबलाला सुतळीने बांधलेलं आहे, आणि सुतळी इतकी आखूड की सही करायची तर माणसाने गुडघ्यांवर यावं. आलो. केली सही — ठिबकच्या अनुदानासाठी.

नियम असा: आधी पदरचे पैसे घालून नळ्या घ्या, बागेत अंथरा, शेजारी उभं राहून फोटो काढा. मग सरकार अर्धे पैसे देणार. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहेत त्यालाच मदत! माझी सगळी साठवण नळ्यांत गेली. दिवाळीनंतर महिनाभर पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो, म्हणून अर्जाला एवढा उशीर. अनुदान आलं की विहिरीवरची मोटार बदलायची. जुनी धापा टाकते. ती बसली की डाळिंबं वाळलीच.

७ मार्च

मोटार सकाळी खोकली. बायको म्हणाली, "अगदी तुमच्यासारखी."

११ मार्च

अर्ज नामंजूर. कारण — नळ्या अर्जदाराच्या नाहीत!

साहेबांनी संगणकावर सहा फोटो दाखवले. सहा बागा, सहा हसरे चेहरे, आणि सगळ्यांच्या पायाशी माझ्या नळ्या. गळक्या सांध्यांना बायकोच्या जुन्या साडीच्या निळ्या चिंध्या मी स्वतः बांधल्यात, ओळखणार नाही? पहिलाच फोटो शेजारच्या पैलवानाचा. (अंगावर मांस नाही म्हणून पैलवान.) सहाही जणांना पैसे मिळालेत. पावत्या काय, दुकानदार हव्या तशा फाडतो.

"साहेब, नळ्या खरोखर माझ्या आहेत."

"तुम्ही सातवे. सगळे हेच म्हणतात."

सहा वेळा डोळ्यांवर कातडं, सातव्यांदा एकदम घारीची नजर.

"तक्रार द्या," म्हणाले. "त्यांच्याकडून वसूल करू, मग तुमचं बघू."

१२ मार्च

तक्रार लिहिली. सुरेख उतरली आहे. पैलवानाच्या परिच्छेदावर विशेष मेहनत घेतली. रोज बांधावरून "काय दादा, बरंय ना?" विचारतो! नळ्या नेल्या कधी, ठेवल्या कधी, पत्ता नाही लागू दिला.

१४ मार्च

मोटार बसली. मेकॅनिक म्हणाला, आता भंगारात घाला.

तक्रार खिशात घालून निघालो. बायको दारातच.

"कुठे निघालात?"

सांगितलं.

"नळ्या मी दिल्या त्यांना."

"तू?"

"तुम्ही पोटाच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतात, तेव्हाही मोटार बंदच पडली होती. पैलवानभावजी आणि ते पाच जण महिनाभर आपापल्या विहिरींवरून बादल्या वाहत होते. तुमची झाडं उगाच नाही जगली. तुम्हाला सांगू नका म्हणाले, जिवाला लावून घेतील. नळ्या नुसत्या पडून होत्या. मागितल्या, दिल्या."

"आणि अनुदानाचे पैसे?"

"भावजींनी त्यांच्या विहिरीला नवी मोटार घेतली. नळ्यांपुरते उरले कुठे?"

मी उंबऱ्यातच बसलो. इतका राग साठवलेला, आता ठेवायचा कुठे? शेवटी सगळा साहेबांच्या नावावर टाकला. तिथे जागा भरपूर आहे. आधी घ्या मग देतो, असा नियम करणाऱ्याने एकदा तरी कोरड्या बागेत बादली वाहून बघावी.

"चहा घेताय की जाताय?" तिने विचारलं.

चहा घेतला.

१५ मार्च

कार्यालयात गेलो नाही. संध्याकाळी नळ्या गुंडाळून पैलवानाच्या बागेत नेल्या, अंथरल्या, चिंध्या नव्याने घट्ट बांधल्या. तो धावत घरात गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आला.

"दादा, परत फोटो काढायचाय का?"

"नाही रे. मोटार चालू कर," म्हटलं. "आधी तुझ्या झाडांना पाणी देऊ."