भिंतीलगत, पहिल्या गिअरमध्ये

दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुरुंगाच्या शिक्क्याने पहिली ओळ गिळली होती, बाकीचं वाचलं. तब्येत सांभाळतोस असं लिहितोस, त्यावर मी विश्वास ठेवल्यासारखं करते.

इकडे आईचं काही खरं नाही. दोन वाक्यं बोलली की धाप लागते. झोपतानाही पाठीला उशा लावून बसूनच असते. डॉक्टरांनी नवीन औषध लिहिणं थांबवलंय. तिला हवं ते करू द्या, एवढंच म्हणाले. माझं शिवणयंत्र मी तिच्या खोलीत हलवलंय. खडखड ऐकू आली की घरात कोणीतरी आहे असं वाटतं म्हणते.

काल मटार सोलता सोलता तिने विचारलं, गाडी चालू आहे का. आहे म्हटलं. जरा वेळाने म्हणाली, तिथपर्यंत जाईल का. तू आत गेल्यापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही. तुझ्या ट्रकखाली जो माणूस गेला, त्याच्या घरावरून जायला नको म्हणून हिंडती-फिरती होती तोवर मागच्या बोळातून बाजारात जायची. त्यामुळे ‘तिथपर्यंत’ म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मटार सोलत राहिले.

पण गाडी जाईलसं वाटत नाही. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही आणि जळका वास येतो. तू गेल्यावर इथे उरलेला दुसरा मेकॅनिक आपल्या दारात पाऊल टाकणार नाही. गेलेला माणूस त्याचा मेहुणा. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर आई म्हणाली, ड्रायव्हर विचारेल कुठे जायचंय, तेव्हा काय सांगू. दादा, हे काम घरी होण्यासारखं आहे का? तुझी हत्यारं शेडमध्ये होती तशी आहेत.

कळावे. माया आहे तशी असू दे.
तुझी,
बारकी

दि. १५ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आई ‘तिथपर्यंत’ म्हणाली, ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. आमच्या बराकीतला म्हातारा विचारत होता, घरून पैसे आले की काय.

क्लचप्लेट संपली आहे. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातली पकड. प्लेट झिजली की इंजिन फिरतं आणि चाकं ढिम्म. काम घरी होतं, मी अंगणात केलेलं आहे. पण तू आजवर पान्याला ‘ती लोखंडी वस्तू’ म्हणत आलीस, म्हणून जीव धाकधुक करतो. शेजारच्या सुतारकाकांना हाताशी घे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरलीस तर तुझं-माझं नातं संपलं. काका जाड ठोकळे देतील, गाडी त्यांवर बसव. इंजिनाखालीही एक दे, नाहीतर गिअरबॉक्स सुटला की ते लोंबकळेल.

बॅटरीची वायर सगळ्यात आधी काढ. गिअरचं तेल सोड, मग चाकांकडे जाणारे दांडे ओढून काढ. गिअरबॉक्स खाली घ्यायचा, पण इंजिन चालू करणारा स्टार्टर त्याला चिकटलेला आहे, तो आधी निघायला हवा. आपल्या गाडीत तो इंजिनाच्या मागे, कोपऱ्यात दडलाय. त्याचा खालचा बोल्ट दिसेल. वरचा दिसणार नाही. त्याने मला पहिल्यांदा रडवलं होतं, तुलाही रडवेल.

नीट चित्र काढून दिलं होतं. तपासणाऱ्या साहेबांना तो पळून जायचा नकाशा वाटला, त्यांनी ठेवून घेतलं. म्हणून शब्दांवर भागव.

आईला माझा नमस्कार सांगावासा वाटला तर सांग. नाहीतर राहू दे.
दादा

दि. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तेल सोडलं, दांडे ओढले, अर्धं तेल माझ्या केसांत गेलं. खालचा बोल्टही निघाला. वरच्यापाशी सगळं अडलंय. काकांचा पंजा मनगटापाशीच अडकतो. माझा हात पोचतो, पण पाना फिरवायला बोटभरही जागा नाही. काल पाठीखाली पोतं घालून पडले, उजेड धरून पाहिलं, नुसतं काळं दिसतं. पाना निसटला आणि बोटांची सालटी निघाली. तिथेच पडल्या पडल्या रडले. काका बिचारे उगीचच रंध्याला धार लावत बसले.

आई आता ऑक्सिजनच्या नळीवर आहे. नळकांडं चाकाच्या गाड्यावर ठेवलंय, ते ढकलत काल ती शेडच्या दारापर्यंत आली. मला वाटलं, पुरे कर म्हणेल. तिने खुर्ची मागितली आणि बसून राहिली. तुझी हत्यारं भिंतीवर मापाने टांगलेली आहेत, ती पाहत होती. मी रडले ते तिने पाहिलं असणार.

गाडी आता धड अख्खी नाही, धड सुटलेली नाही. आईकडे वेळ किती आहे कोणी सांगत नाही. खरं सांग, सोडून देऊ का?

उत्तराची वाट पाहणारी,
बारकी

दि. ७ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

सोडू नकोस.

आधी वरून हवेच्या फिल्टरची पेटी काढ, हात शिरायला वाट होईल. हत्यारांतल्या लांब दांड्या एकमेकींना जोड, टोकाशी वाकणारा सांधा घाल, त्यावर बोल्टच्या डोक्यावर बसेल अशा मापाची वाटी. ही लांबलचक काठी खालून, डाव्या चाकाच्या पोकळीतून आत सरकव. तू वरून हात घाल आणि डोळे मीट. उजेडाचा इथे उपयोग नाही. मशीनखाली पडलेली सुई तू न बघता उचलतेस, तसा बोल्ट चाचपून वाटी त्यावर बसव आणि धरून ठेव. काठी फिरवायची ती काकांनी, खालून. सुटताना बंदुकीसारखा आवाज येईल. मोडला असं समजू नकोस.

मग गिअरबॉक्स दोघांनी सरळ मागे ओढा, तिरका नाही. नवी प्लेट बसवताना स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. प्लेट बरोबर मध्यावर यायला हवी. त्यासाठी काकांकडून भोकाच्या मापाची लाकडी खुंटी कातून घे. बोल्ट आवळताना एक इकडचा, एक समोरचा, थोडे थोडे.

आई खुर्ची घेऊन बसली, हे दोनदा लिहिलंस तरी चालेल.
दादा

दि. २१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निघाला! आवाज झाला तेव्हा काका खालून ओरडले, हात गेला का. हात शाबूत आहे. खाली शिरून ओढला तर स्टार्टर अंगावरच आला, मूल घ्यावं तसा मी तो छातीशी धरला.

जुनी प्लेट पाहिलीस तर शरम वाटेल तुला. घासून घासून रिव्हेटा उघड्या पडल्या होत्या. काकांनी खुंटी इतकी सुबक कातली की काढून टाकायला जिवावर आलं. गिअरबॉक्स परत चढवताना मात्र आम्ही दोघं हरलो होतो, त्याचा दाता दात्यात बसेना. तेव्हा आई खुर्चीवरून म्हणाली की तो चाकाचा दांडा जरासा फिरवून बघायचा, गिअर टाकून. तिने हे कधी पाहिलं होतं? तू अंगणात काम करायचास तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, ते मला आत्ता आठवलं. फिरवला आणि बसला.

काल पुलाचा चढ चढले. वास नाही, बोंब नाही. भेटीचा अर्ज केलाय, दोघींच्या नावाने. आईने सही स्वतः केली.

भेटूच.
बारकी

दि. ३० मार्च

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तू आलीस. एवढंच लिहून पत्र संपवावं असं वाटतं.

बारकी एकटीच जाळीपाशी आली तेव्हा मी तिच्या मागे तुला शोधत राहिलो. तिने सांगितलं की तू फाटकाबाहेर गाडीत आहेस, आतले जिने तुला चढवणार नाहीत. मी साहेबांचे पाय धरले. पाच मिनिटं फाटकाशी जाऊ द्या म्हटलं. नियम नाही म्हणाले. माणूस म्हणून वाईट नाहीत, माझ्याकडे बघत नव्हते.

मग मीच तिला म्हटलं, मागच्या भिंतीला लागून आमची कामाची शेड आहे, तिथून गाडी हळू ने. आई, मी भिंतीला कान लावून उभा होतो. गाडी आली. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश. बारकीने क्लच सोडला तेव्हा जरासुद्धा थरथर नव्हती. तू किती जवळ होतीस ते मला आवाजावरून कळत होतं. गाडी पुढे गेली, वळली, परत आली.

जे माझ्या हातून झालं ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही.
तुझा,
थोरला

दि. ११ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. तुझ्या सुट्टीची परवानगी येईपर्यंत आईला थांबता आलं नाही, थांबायला सांगणारे आपण कोण. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत गेली. खांदा द्यायला काका सगळ्यांत पुढे होते. दुसरा मेकॅनिक रस्त्याच्या पलीकडे टोपी काढून उभा होता. आला नाही, पण निघूनही गेला नाही.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. पूर्ण ऐकलं. उत्तर लिहू का विचारलं तर म्हणाली, दम आला की सांगते.

एक तुला सांगायचं राहिलंय. पहिल्या खेपेला भिंतीलगत गेलो तेव्हा ती समोर बघत होती. टोकाला जाऊन मी फाटकाकडे वळणार, तर म्हणाली, परत घे. आणि जवळून घे. मी इतकी जवळून घेतली की आरसा घासला. तिने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि भिंतीवर टेकवला. मी क्लच धरत-सोडत गाडी रांगवत होते आणि ती पूर्ण भिंतभर हात फिरवत होती. वरून पहारेकरी ओरडला. मी थांबले नाही. घरी आल्यावर तळहात चुन्याने पांढरा झाला होता, बोटं खरचटली होती. धुवायला पाणी आणलं तर म्हणाली, राहू दे.

येत्या भेटीला येते. जेवत जा.
आता तुझीच,
बारकी